माझ्या नावाची सोय

मी, आर्नात्सियाक, कौनाकची विधवा, वय अदमासे शहात्तर (जन्मतारीख पाद्रीबाबांनी माझे तोंड पाहून ठरवली), डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहते घर सरकारचे आहे. ते मला कोणाला देता येत नाही, आणि फुकट मिळाले तरी घ्यावे असेही नाही.

२. माझा दगडी दिवा नदीच्या मुखाशी, जुन्या मुक्कामी पालथा ठेवलेला आहे. परत यायचे असले की आम्ही बर्फातले इनुइट लोक दिवा पालथा घालून निघतो. तशा दिव्याला कोणी हात लावत नाही. बोटीतून आलेला साहेब म्हणाला होता, "मुलांना शाळेत घाला, एवढा हिवाळा वसाहतीत काढा, मग जा की परत." आम्ही खरे मानले. दिवा मुलगा तातिगात याने आणावा. साहेबाला मी माफ केलेले नाही. माफ केले असे पाद्रीबाबांनी माझ्या मागे परस्पर जाहीर करू नये.

३. बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचे चामडी पट्टे शेडमध्ये खिळ्याला आहेत. कुत्री मोकळी फिरतात म्हणून पोलिसांनी गोळ्या घातल्या, आणि परत जायचे साधनच गेले. कौनाक खिडकीशी बसला तो बसलाच. शिकार नाही, भांडण नाही, मला साधे चिडवतही नसे. मला त्याचा फार राग यायचा आणि त्याहून जास्त कीव. पट्टे तातिगातला. सून म्हणेल, वास येतो. येऊ दे.

४. शिकारीत मारलेला सील सोलायची अर्धगोल सुरी मुलगी उकालिक हिला. तिने ती पिझ्झा कापायला वापरू नये.

५. आम्हां इनुइटांत गेलेल्याचे नाव पुढच्या बाळाला देतात, म्हणजे ते माणूस परत आले. घरचे त्या बाळाला जुन्याच नात्याने हाक मारतात. उकालिक पोटुशी आहे. तरी माझे नाव तिच्या बाळाला देऊ नये. या वसाहतीत एकदा जन्म काढला तेवढा पुरे. नाव माझ्याबरोबर संपावे.

हे उकालिकने खांद्यावरून वाचले.

"आई, खोड ते आधी."

"नाही खोडत. मृत्युपत्र माझं आहे."

"आणि बाळ माझं! मग मी 'आई' म्हणून हाक कोणाला मारू? भिंतीला?"

"जिवंत आहे तोवर मारून घे."

"तू जन्मभर त्या मुक्कामासाठी रडलीस. मी इथेच जन्मले गं. मला दुसरं गावच नाही."

त्या दिवशी तिने मांस बेचव शिजवले.

६. कलम पाच रद्द. मुलगा होवो की मुलगी, माझे नाव द्यावे. बाळ उगाच रडू लागले तर टीव्ही लावून गप्प करू नये. ते रडणे माझे असेल, होऊ द्यावे. मागच्या खेपेला मला इथे आणले होते. या खेपेला मी आपण होऊन येते आहे, उकालिकसाठी.

सही: आर्नात्सियाक

साक्षीदार:
१. पित्सिउला, शेजारीण
२. पानियाक, दुकानातला

स्थळ: घर क्रमांक सत्तावीस, खाडीकाठची वसाहत
दिनांक: ९ एप्रिल १९९७