मिठाची अफवा कुठून निघाली

मंगळवार, ता. ९
ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय दादा,

तुला आणि तुझ्या खोलीतल्या मित्रांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे बाबांचा गुडघा होता तसाच आहे, नळाला पाणी येतंय आणि माझी नोकरी अजून टिकून आहे. तू म्हणशील, परवाच तर फोनवर बोललो, मग पत्र कशाला? फोन आला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून. पण ते नंतर. आधी इथली गंमत ऐक.

आपल्या भागात मीठ संपणार अशी हूल उठली आहे. साखर नाही, तेल नाही, मीठ. माणूस मीठ खाऊन खाऊन किती खाणार? पण सध्या आपल्या इमारतीत ज्याच्या घरी मीठ जास्त, त्याची मान ताठ. तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीनच्या खणातले धागे काढून तिथे पुड्या भरल्या आणि आता निळा धागा सापडत नाही म्हणून गिऱ्हाइकांना परत पाठवतो. वरच्या निवृत्त मास्तरांनी आंघोळीची बादली गच्च भरून ठेवली. हवेने त्या मिठाचा दगड झालाय. आंघोळ कशात करायची याचा विचार त्यांनी मीठ भरण्याआधी केला नव्हता. हे असंच चाललं तर चोर उद्या कपाटाला हात न लावता थेट ओट्याकडे जातील, आणि भावाभावांत वाटण्या होताना वकील आधी विचारेल, बरणी कोणाकडे?

मला हसू येत होतं, पण रागही येत होता. पुरवठा कार्यालयात नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, लोकांना खरी माहिती दिली की लोक शहाण्यासारखे वागतात. म्हणून साहेबांनी सूचना लिहायला सांगितली, तेव्हा मी जीव ओतून लिहिली. बाजारात मिठाचा तुटवडा नाही, गोदामात भरपूर साठा आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ती चौकात लागली आणि दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. शेजारच्या काकू रांगेतूनच मला म्हणाल्या, तेलाबद्दल कधी कोणी घाबरू नका म्हटलं का? नाही ना? मग मिठाबद्दलच का म्हणतायत?

घरी जेवताना मी आईबाबांना गर्दीच्या मानसशास्त्रावर व्याख्यान देत होते. एकाने घेतलं की दुसरा घेतो, कारण दुसऱ्याला वाटतं पहिल्याला काहीतरी ठाऊक आहे. बाबा खाली मान घालून जेवत होते. आई म्हणाली, किती छान सांगतेस गं. त्या दिवशी भाजी फार खारट होती. आदल्या दिवशी अळणी होती. मी म्हटलं, आई, तूसुद्धा घाबरून मीठ वाचवतेस की काय? ती हसली. बाबा हसले नाहीत. हे मला आत्ता, लिहिताना आठवतंय.

मग साहेबांनी मला बोलावलं. शहरात बाकी कुठे काही नाही, फक्त तुमच्याच गल्लीत हे कसं, शोधून काढा म्हणाले. मला तर हवंच होतं. अफवेचं मूळ सापडलं की ती उपटता येते, असं मनाशी म्हणत मी काकूंपासून सुरुवात केली.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची थट्टा करतेय. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता तूच विचारतेस? तुमच्याच घरून कळलं की. तू पुरवठा कार्यालयात. तुझी आई दिवसातून दोनदोनदा मीठ नेते, आणि अंधार पडायच्या आत तुझे बाबा पिशवी झाकून कुठेतरी पोचवून येतात. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

मी ठामपणे सांगितलं की हा गैरसमज आहे. आणि दादा, मी तशीच तरातरा वाण्याकडे गेले, त्याने सगळ्यांसमोर खुलासा करावा म्हणून. तो बाबांचा जुना स्नेही. त्याने मला दुकानाच्या मागच्या बाजूला नेलं, पोत्यावर बसवलं.

"आई सकाळी येते, पुडी नेते. दुपारी येते, घरात मीठच नाही म्हणते, परत नेते. मी तिला नाही कसं म्हणू? संध्याकाळी तुझे बाबा आणून देतात. मी ती पुन्हा फळीवर लावतो." मग म्हणाला, "बरेच महिने चाललंय, पोरी. रांगा आत्ता लागल्या."

मी घरी चालत आले. वाटेत कितीजण भेटले आणि कितीजणांनी मिठाचं विचारलं, मला सांगता येणार नाही.

बाबा जिन्यातच भेटले, हातात पिशवी. मी पिशवीकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते पायरीवर बसले. मीही बसले. म्हणाले, सुरुवातीला वाटलं विसरली असेल, माणूस विसरतं. मग वाटलं, मीठच तर आहे, त्याने कोणाचं काय बिघडतं. तुझी परीक्षा होती, मग तुझी नोकरी. दादा लांब. मी म्हटलं, डॉक्टरकडे जायला हवं होतं. तर तुझे वडील, जे आयुष्यभर लिफ्टच्या तारा तपासत आले, ज्यांनी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखला, ते म्हणाले, "डॉक्टरने एकदा नाव सांगितलं की ते नाव घरात राहायला येतं."

दादा, मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण पिशवी त्यांच्या हातातून घेऊन मीच वाण्याकडे देऊन आले.

आईला विचारायचं की नाही यावर दोन दिवस गेले. रविवारी दुपारी ती ओट्याशी बरणी पुसत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, मीठ आहे ना घरात? तिने झाकण उघडून मला दाखवलं, काठोकाठ. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तू तिला ओळखतोस. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शेकडो माणसांचं रांधताना तिने कधी हात थांबवून विचार केला नाही.

म्हणाली, "समोर बरणी असते तोवर खात्री असते. दुकानाच्या पायरीशी गेले की खात्री जाते. आहे की नाही, काही केल्या आठवत नाही. मग घेऊन टाकते. नसलं तर तुम्ही अळणी जेवाल."

मी म्हटलं, मग मला सांगायचंस ना. त्यावर ती म्हणाली, "तुला वाटतं मला कळत नाही? कळतं गं. न कळतं तर बरं होतं."

आमच्या कार्यालयात घाबरलेल्या ग्राहकांवर जाडजूड अहवाल येतात. त्यांतलं एकही वाक्य मला इतकं समजलं नव्हतं.

काल साहेबांना मी खरं ते सांगितलं, दार लावून. ते म्हणाले, मिठाचं मी बघतो, तुम्ही आईला दाखवून घ्या. काकूंना मात्र मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर रांग एका दुपारीत मोडेल, हे मला माहीत आहे. पण मग गल्ली मीठ सोडून आईला धरेल. ती भाजी आणायला निघाली की बायका एकमेकींना कोपर मारतील. मी, जी उठता बसता लोकांना खरी माहिती द्यायला निघाले होते, ती रोज त्या रांगेपाशी खाली मान घालून जाते. तू मला हसणार असशील तर हस. उद्या गोदामातून जादा गाडी येतेय. लोक पोत्यांचा ढीग डोळ्यांनी पाहतील, चार दिवसांत निवळतील आणि काडेपेट्यांच्या मागे लागतील.

आईचं तसं नाही. तिच्यासाठी कुठलीच गाडी येणार नाही. परवा तिने गॅस पेटवला आणि दार ओढून खाली वाळत घातलेले कपडे आणायला गेली. बाबा घरात होते म्हणून निभावलं.

मोठ्या डॉक्टरांची वेळ मी पुढच्या सोमवारची घेतली आहे. आई म्हणते मला काही झालेलं नाही. बाबा म्हणतात तिला नाही जायचं तर नको. मी बोलले की दोघं एक होतात आणि मला म्हणतात, शिकलीस म्हणून सगळ्यात आजार शोधतेस. तुझं मात्र ते ऐकतील. तू नुसता दारात उभा राहिलास तरी बाबा चपला घालतील, आणि बाबा निघाले की आई निघते. म्हणून शनिवारपर्यंत ये. कारखान्यात काय सांगायचं ते तू ठरव. येताना काही आणू नकोस, घरात सगळं आहे.

आता जे सांगायचं टाळत होते ते. आईने मला शपथ घातली आहे, तिची स्वतःची, की दादाला कळवायचं नाही. तो सगळं सोडून येईल, म्हणाली. मी हो म्हटलं आणि आज हे लिहितेय. तिला ती शपथ आठवणार नाही, तेव्हा मोडली तर कोणाला कळतंय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो विचार आल्यावर मी पेन खाली ठेवलं.

तसं धरून मी लिहीत नाहीये, दादा. तिला सगळं आठवेल असं धरूनच लिहितेय. तुला दारात बघून ती माझ्यावर चिडेल, शब्द मोडलास म्हणेल, दिवसभर माझ्याशी बोलणार नाही. देव करो आणि तसंच होवो.

आईचा राग ओढवून घ्यायला तयार असलेली,
तुझी धाकटी