रूपाला पुढं बसव

मंगल,

मी मेंढरं घिऊन चिंताकी गावाकडं चाललो. ओसरीवर घोंगड्याखाली जी गाडी हाय, ती तुझ्या लेकीची, रूपाची. तिला आत बसवून ढकलत पळायचं.

हैदराबादच्या दुकानात दोन होत्या. एक गुलाबी, बारीक चार चाकाची. तुझी सासू म्हणली, हीच घ्या. मी न्हाई म्हणलो. आपल्या रस्त्याच्या खड्ड्यात असलं चाक अडकलं की लेकरू तोंडावर पडतंय. ही तीन चाकाची हाय, चाकं मोठी, सायकलीसारखी हवा भरायची. काल कोकरू बसवून बांधाबांधानं पळवून बघितलो. कोकरू झोपून गेलं, तवा माझा जीव भांड्यात पडला.

पट्टा लावल्याबिगर पळू नको. उताराला दांडीची दोरी मनगटात अडकव.

सुनीलकुमारचा पुण्याहून फोन आला आन् पुन्हा कामून पळायलीस म्हणला, तर तुमच्या अप्पालाच इचारा म्हण.

पोलिसाच्या भरतीसाठी तू पळतीस ते मी माळावरून बघत असताव. रानात जल्म गेला माझा, पर कुशनूरचा चढ असा दम न सोडता चढणारं माणूस बघितलो न्हाई. फकस्त तू घराकडं वळून वळून बघतीस, तिथंच तुझं पाऊल मोडतंय.

मेंढी व्याली की आम्ही कोकरू उचलून तिच्या पुढं चालताव. मागं ठिवलं तर ती हालत न्हाई. पुढं दिसलं की कितीबी लांब येती.

ही गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आली न्हाई, माझ्याबी उशिरा आली.

पळ आता.

अप्पा