आरोग्य केंद्राची खुर्ची नेल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी (खुर्ची प्रकरण),
प्राथमिक आरोग्य केंद्र, वरखेडवाडी,
ता. शिरूर, जि. पुणे.

विषय : खुर्ची चोरीची नोटीस रद्द होणेबाबत व त्या खुर्चीत बसणारा डॉक्टर मिळणेबाबत.

संदर्भ : कु. मेहक अजीम शेख, इयत्ता चौथी, हिला बजावलेली नोटीस, दि. ७ नोव्हेंबर २०२५.

अर्जदार : पोपट सखाराम ओव्हाळ, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वरखेडवाडी.

महोदय,

१) आपण क्षणभर चौथीच्या वर्गात मांडी घालून बसला आहात, अशी कल्पना करावी. समोर फरशीवर खडूने जगाचा नकाशा काढला आहे. अर्जदार दर रविवारी समाजमंदिरात मुलांना शिकवतो. दि. २ रोजी धडा होता : दहा हजार माणसांमागे डॉक्टर किती? एका डॉक्टरला ज्वारीचा एक दाणा. क्युबावर ऐंशीच्या वर दाणे पडले, जर्मनीवर चाळीसच्या वर, आपल्या देशावर साधारण सात. नायजरवर एक पुरा दाणाही ठेवता येईना. मुलांना नायजरची कीव आली.

२) आपल्या केंद्राखाली तीस हजार माणसे आहेत, म्हणजे हिशेबाने दाण्याचा तिसरा हिस्सा. तरी मेहकने वरखेडवाडीवर पुरा एक दाणा ठेवला, कारण केंद्राच्या बोर्डावर डॉक्टरांचे नाव आहे. त्यावर तिच्याच वर्गातला रोहन म्हणाला, "बोर्ड काय नाडी बघतोय व्हय गं?" अर्जदाराने त्यास दटावले. त्या दटावण्याची आता लाज वाटते.

३) दुसऱ्याच दिवशी सकाळी मेहकची आजी खुर्शिदबी यांना जोराची धाप लागली. आईवडील कामावर गेलेले. मेहकने आजीला हाताला धरून केंद्रात नेले. मोनाली सिस्टर म्हणाल्या, "सायेब मिटिंगला हायेत." मेहक म्हणाली, "मागल्या महिन्यात पण मिटिंगलाच व्हते." एकोणीस महिने हीच मिटिंग चालू आहे. केंद्राच्या रुग्णवाहिकेत डिझेल नव्हते. सिस्टरांनी फोन करून स्वतःच्या पैशाने भाड्याची जीप फाट्यावर बोलावली. पण वाड्यांमधला रस्ता खणलेला असल्याने जीप आत येईना, आणि खुर्शिदबींना चार पावले टाकवेनात. त्यांचे ओठ निळे पडू लागले.

४) तेव्हा मेहकने डॉक्टरांच्या खोलीतली चाकांची खुर्ची ओढून बाहेर आणली. गादीवर बोटभर धूळ होती. आजीला तिच्यात बसवून, ओढणीने बांधून, सिस्टर व मेहक या दोघींनी खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेने फाट्यापर्यंत दीड किलोमीटर खुर्ची ढकलली. जीपने दौंड गाठले. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला. "अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं," असे ते म्हणाले. खुर्शिदबी आज जिवंत आहेत.

५) चौथ्या दिवशी नोटीस आली : शासकीय खुर्ची चोरली, सात दिवसांत हजर करावी. खाली डॉक्टरांची सही. त्यांचे हस्ताक्षर गावाने प्रथमच पाहिले. आजारी म्हातारीसाठी जो हात एकोणीस महिने हलला नाही, तो नऊ वर्षांच्या मुलीला चोर ठरवायला चार दिवसांत हलला. महोदय, अर्जदाराने अडतीस वर्षे मुलांचे नाक पुसले, ओकाऱ्या काढल्या. कशाची किळस वाटली नाही. या कागदाची वाटली. तो घरात ठेववेना, म्हणून अर्जास जोडून परत करीत आहे.

६) सबब विनंती की नोटीस रद्द करून मुलीची लेखी माफी मागावी आणि डॉक्टर नेमावा. नावाचा नको, बसणारा नेमावा.

७) खुर्चीबाबत खुलासा असा की, जीप गेल्यावर ती फाट्यावरून मेहकच्या घरी आणली होती; दि. ८ रोजी मेहक स्वतः ती पुसून परत करण्यास गेली. आत कोरी करकरीत खुर्ची आली होती, प्लॅस्टिकही काढलेले नव्हते. तिने विचारले, "सिस्टर, डॉक्टर पण नवे आलेत का?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाई गं बाई." मग मेहकने जुनी खुर्ची तशीच वळवली, ढकलत घरी नेली, आजीच्या खाटेजवळ लावली आणि तिच्या चाकांना तेल घातले.

आपला, उत्तराची वाट पाहणारा,
पो. स. ओव्हाळ
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : मूळ नोटीस (परत).