डच गाडीचा डावा बेल्ट

अब्बा, तुम्हाला मातीत ठेवून एकवीस वर्षं झाली, आणि तुमच्याशी भांडायला मला आज सवड मिळाली. सकाळी इथे आखातात, जिदहफ्सच्या माझ्या गॅरेजात, तुमच्या हाताखालून गेलेली ती डच गाडी आली. मी पाठमोरा चहा पीत होतो, पण शिलाई मशीनसारखी ती घरघर ऐकूनच ओळखलं. गिअर नाहीत, दोन रबरी बेल्ट मागची दोन चाकं फिरवतात. घेऊन आली गाडीच्या जुन्या मालकाची मुलगी, आता पन्नाशीची. हसत म्हणाली, "माझे वडील शेवटपर्यंत सांगायचे, उस्ताद मेकॅनिक सोन्यासारखा, पण त्याच्या मुलाने गाडीची वाट लावली. तो तूच ना?" मी तिला चहा पाजला. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये, हे मी तुमच्याकडून शिकलेलो नाही.

तुमच्या गॅरेजातला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: हॉलंडहून या गाडीसाठी बेल्टची जोडी आली आहे. बदलायचे तर दोन्ही एकदम, नाहीतर नवा ओढतो आणि जुना घसरतो. तुम्ही उजवा तेवढा बदलता, दुसरा नवा पुढच्या गिऱ्हाइकासाठी कपाटात ठेवता. मी म्हणतो, "अब्बा, डावा घसरतोय, ऐका." तुम्ही मालकाकडे वळता. "बघा साहेब, बावीस वर्षांचा घोडा. पाना धरायची अक्कल नाही, म्हणे कान आहेत." मालक हसतो. तुम्ही त्याच्याहून मोठ्याने हसता.

आठवड्यात डावा बेल्ट तुटला, उम्म अल हस्समच्या भर रस्त्यात. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "याने बसवले होते, साहेब. खलास, याला गावीच पाठवतो." आणि पाठवलंत, व्हिसा कॅन्सल करून. रत्नागिरीत अम्मी रोज विचारायची, काय केलंस रे? दुसऱ्या गॅरेजवाल्याने काढलेल्या व्हिसावर परत यायला मला सहा वर्षं लागली.

आज मालकाच्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अल्ला त्यांना माफ करो." मी आमीन म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहितो. बेल्ट तुटला त्याच्या आदल्या दिवशी मालक हवा भरायला आला होता. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेला होतात. डावीकडून चिरका आवाज येत होता, तो बेल्ट आता एक दिवसही टिकला नसता. नवा बेल्ट ठेवलेल्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी चारही चाकांत हवा भरली आणि म्हणालो, "यल्ला साहेब, बिनधास्त जा."