बँकेचा माणूस दुकान बघायला येतोय

अहो,

तुमची झोप मोडवेना, म्हणून लिहून जातेय. सीएंकडून तीन वर्षांची रिटर्न्स आणते, म्हणजे घराच्या कर्जाची फाइल पुरी होईल.

बँकेचा माणूस आज आपलं सोफे दुरुस्तीचं दुकान बघायला येणार आहे. आपल्याकडे पगाराची स्लिप नाही, म्हणून धंदा खरंच चालतो का ते त्याला डोळ्यांनी बघायचंय. तेव्हा कृपा करून झाडलोट करू नका. फाटके सोफे, काथ्या, खिळे, सगळं तसंच असू द्या आणि त्याच्यासमोर काम करत राहा. विचारेल तेवढंच बोला. मागे बँकेत मॅनेजरसाहेबांना त्यांचीच खुर्ची कशी चुकीची भरलीय ते ऐकवत बसलात!

काल तुम्ही म्हणालात, कर्ज नाही मिळालं तर दुकान बंद करून पुन्हा कारखान्यात नोकरी धरतो. मी गप्प बसले, तो होकार समजू नका. बोलले असते तर रडू फुटलं असतं.

कर्ज नाही झालं तर भाड्याच्या घरात राहू. हल्ली तुम्ही शीळ घालत जिना चढता. कारखान्यात होतात तेव्हा दार वाजेपर्यंत तुम्ही आल्याचं मला कळायचंसुद्धा नाही.

चहा थर्मासमध्ये आहे.