बेण्याचा दोडका

आबा, तुमचा दोडका गेला. मीच घालवला. तो कसा गेला ते तुम्हाला सांगायला हवं, बाकी कोणाला सांगून उपयोग नाही.

जुईनगरच्या घरामागची ती अरुंद पट्टी अजून मीच बघते. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात वेलावरचा पहिला चांगला दोडका तोडायचा नाही, त्याला चिंधी बांधायची, वेलावरच वाळू द्यायचा आणि हलवल्यावर आतलं बी वाजलं की मगच काढायचा, हे मी नेमानं पाळलं. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बी धरायचं राहिलं. डब्याच्या तळाशी जुनं बी होतं ते सगळं यंदा जानेवारीत लावलं. एकच वेल उगवला. फेब्रुवारीतच मे महिन्यासारखं ऊन पडलं आणि कळ्या गळल्या. मी दुपारच्या वेळी जुनी साडी बांधून सावली केली. मग मध्येच गारठा आला, पानांवर पांढरी भुरी धरली. शेवटी मार्चात एक दोडका टिकला. त्याला चिंधी बांधली. हे बी गेलं की तुमचं बी संपलं, हे मला माहीत होतं.

अशा राखलेल्या फळाला तुम्ही बेणं म्हणायचात. आणि मलाही. मार्केटात दिवसभर गोणी वाहून आलात की अंगावरचे कपडेही न बदलता वेलापाशी उकिडवे बसायचात, आणि मी कॉलेजातून आले की तिथूनच हाक, "आलं का आमचं बेणं?" एके दिवशी माझ्याबरोबर दोन मैत्रिणी आहेत. त्यातली एक फिस्सकन हसते. त्या गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहून सांगते, "आबा, लोकांसमोर असलं गावठी बोलत जाऊ नका." तुम्ही हाताची माती झटकता. "बरं. न्हाई म्हणायचो." आणि खरंच पुन्हा कधी म्हणाला नाहीत. माझं लग्न झालं, मी परत आले, तुम्ही अंथरूण धरलंत, तरी नाही. मला वाटलं होतं, घरात तरी म्हणाल.

तर दोडका. चैत्रातल्या एका दुपारी एकदम अंधारून आलं. वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "ताई, मोबाईलवर अलर्ट आलाय, वादळ येतंय. तुमच्या वेलाचा मांडव उडणार हां."

"माझा मांडव मी बघते. तुम्ही तुमच्या चादरी काढा."

"काढल्या पण. तुमच्यासारखी मी भाजीला राखण बसत नाही."

मी आत जाऊन कात्री आणली. दोडका अजून हिरवाच होता. वाजत नव्हता. तुम्ही असतात तर पोतं पांघरून मांडवाखाली उभे राहिला असतात. मी देठ कापला. पावसाचे चार थेंब पडले, ढग उरणच्या बाजूला गेले आणि तासाभरात पुन्हा ऊन आलं.

पंधरा दिवस तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवला. तो सुकला, पण पिकला नाही. चिरून पाहिलं तर बी पांढरं, चपटं, नखानं दाबलं तरी मोडणारं. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ ओट्यापाशी थांबले. काही वाटलं नाही. सालं, बी, सगळं खताच्या बादलीत टाकलं आणि कुकर लावला.

परवा वाशीहून दोडक्याच्या बियांचं पाकीट आणलं आणि त्याच जागी लावलं. वरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "वडिलांचंच बी ना हे?"

मी हो म्हणाले. एवढंच सांगायचं होतं, आबा. बाकीचं सगळं ते सांगणं लांबवायला लिहिलं.