मागितले मुक्त सॉफ्टवेअर, मुक्त केले मला

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
ज्ञानांकुर शिक्षण मंडळ,
कोप्पीकर रोड, हुबळी.

विषय : मंडळाच्या पाचही शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याबाबत, तसेच मला नोकरीतून मुक्त केल्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा प्रस्ताव, दि. १२ जून २००६
२) माझा खुलासा, दि. ३ जुलै
३) आपला आदेश, दि. १७ जुलै

महोदय,

मी मंडळाच्या हुबळीतील मराठी हायस्कुलात सात वर्षे संगणक शिकवते. संदर्भ १ मध्ये मी ‘शाळांसाठी उचित सॉफ्टवेअर’ असे लिहून लिनक्स सुचवले. उचित म्हणजे योग्य, एवढेच मला म्हणायचे होते. कन्नडमध्ये मात्र उचित म्हणजे फुकट. आपले हेडक्लार्क मुकुंदराव यांनी ते कन्नडमधून वाचले आणि “अक्का, फुकट देणारा मागनं कायतरी काढून घेतोयच की,” असे म्हणून तपासणी होईपर्यंत संगणक खोलीला कुलूप लावले. तपासणी कोण करणार, हे पाच आठवड्यांत कोणी सांगितलेले नाही.

म्हणून संदर्भ २ मध्ये मी खुलासा केला की मुद्दा फुकटचा नसून मुक्त असण्याचा आहे. हे सॉफ्टवेअर कितीही संगणकांवर टाकता येते, मुलांना त्याची प्रत राजरोस घरी देता येते, आतले उघडून दुरुस्तही करता येते. कुलूप लागण्याआधी मी एका संगणकावर लिनक्स टाकून दाखवले, तेव्हा नववीतील पद्माने मेनूतला एक चुकीचा मराठी शब्द पकडला व आम्ही तो वर्गातच बदलला. यावर आपला आदेश आला : “आपल्या विनंतीनुसार आपणांस दि. ३१ जुलैपासून मुक्त करण्यात येत आहे.” तो वाचून मी स्टाफरूममध्ये रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पहिली चूक मी चूक मानली. दुसरी मानवत नाही. आदेशाचा मसुदाही मुकुंदरावांचाच. त्यांचे घराणे मिरजेचे, आमचे निपाणीचे; दोघेही घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो. या शब्दांचे सगळे अर्थ त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहेत.

शिवाय दि. १० जुलै रोजी मंडळाचे पुरवठादार शाळेत आले. कुलूपबंद खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती. त्यांनी स्केचपेनने सॉफ्टवेअरचे नाव लिहिलेली एक सीडी दिली आणि ती वीसही संगणकांवर टाकायला सांगितले. मी परवान्याचा कागद मागितला. “सगळीकडं हीच चालतीया,” म्हणाले. मी ती टाकली नाही. आठव्या दिवशी माझ्या हातात आदेश पडला.

आपल्यावर माझा संशय नाही. परंतु आदेशावर सही आपली आहे.

तरी कुलूप काढावे, लिनक्स निदान एका शाळेत एक महिना चालवून पाहावे आणि आदेश रद्द करावा. मला काढायचेच असेल, तर ‘विनंतीनुसार’ हा शब्द खोडून तिथे ‘चोरीची सीडी टाकण्यास नकार दिल्यामुळे’ असे लिहावे. तसे लिहिल्यास मी उभ्या उभ्या सही करून आदेश घेईन.

आपली नम्र व अद्याप सेवेत असलेली,
इंदुमती यशवंत गाताडे
संगणक शिक्षिका
हुबळी, दि. २४ जुलै २००६

सोबत : १) संदर्भ १ ते ३ च्या प्रती
२) सदर सीडीची फोटोप्रत (मूळ सीडी माझ्याकडे आहे; सहीशिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय ती कोणाच्याही हाती देणार नाही.)